खरकटें कोणाचें?

आमच्या आत्याचा एक नियम आहे. पानावरून उठलें म्हणजे जेवण झालें, असें ती मानीत नाहीं. ताटें उचललीं, शितें गोळा केलीं, जमिनीवरून ओलें फडकें फिरलें आणि खरकटें जेथें जावयाचें तेथें गेलें, म्हणजे मग जेवण झालें. घरांत आतां टेबल आलें, सारवलेली जमीन जाऊन फरशी आली, तरी पंच्याऐंशी वर्षांची ही बाई सर्वांचें आटोपेपर्यंत भिंतीशीं बसून राहते आणि शेवटीं उठणारास विचारते, “खरकटें कोण काढणार?” मुलें हंसतात. आम्हीही पुष्कळ वर्षें हंसत आलों. या प्रश्नांत रसायनशास्त्रांतील एक मोठें तत्त्व दडलेलें आहे, हें आम्हांस साठी उलटल्यावर घरांतल्याच एका पोरीकडून कळावें, याची थोडी लाज वाटते. पण हकीगत सांगण्यासारखी आहे.

आम्ही बदलापूरचे. सह्याद्रींत राजमाचीच्या बाजूस उगम पावलेली उल्हास नदी कर्जत-नेरळ मागें टाकून आमच्या गांवाजवळून जाते आणि सुमारें १२२ किलोमीटरांचा प्रवास करून खाडीस मिळते. आमची सारी नोकरी मुंबईस झाली. तेहतीस वर्षें सकाळच्या गाडीनें जावें आणि दिवेलागणीस परत यावें, हा क्रम होता. अंबरनाथ सुटल्यावर वालधुनी नदी आणि तिला मिळणारे नाले कोठें कोठें दृष्टीस पडत. एखाद्या दिवशीं पाणी तांबडें, एखाद्या दिवशीं निळें, कधीं वर फेंसाचे पुंजके. डुलक्या घेणारे लोक डोळे न उघडतां केवळ वासावरून ओळखीत कीं, आतां उल्हासनगर आलें. “आज निळें आहे,” असें कोणी म्हणे. “काल तांबडें होतें,” असें म्हणून दुसरा पुन्हां पत्ते वाटूं लागे. ऊनपावसाविषयीं बोलावें तसें आम्ही नदीच्या रंगाविषयीं बोलत असूं. तो रंग येतो कोठून, हें पाहावयास तेहतीस वर्षांत आम्ही एकदांही खालीं उतरलों नाहीं.

आत्याचें लहानपण अंबरनाथचें. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, चा शिलालेख असलेलें शिलाहारांच्या काळचें तेथील शिवालय वाचकांनीं पाहिलें असेलच. पायऱ्या उतरून गाभाऱ्यांत जावें लागतें, आणि देवळाशेजारून वालधुनी वाहते. महाशिवरात्रीस त्या पाण्यांत पाय धुऊन आंत गेल्याचें आत्या सांगते. त्या पाण्याचा थंडावा तिला अजून आठवतो. २०१४ च्या नोव्हेंबरांत एका पहांटे वालधुनींत सोडलेल्या टाकाऊ रसायनांतून विषारी वायु पसरला आणि उल्हासनगरांतील शेंकडों माणसांस इस्पितळांत न्यावें लागलें. ती बातमी ऐकली त्या दिवशीं आत्या जेवली नाहीं. ‘वनशक्ति’ या संस्थेनें उल्हास व वालधुनी यांच्या दुर्दशेचें प्रकरण २०१३ मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें नेलें होतें. २०१५ मध्यें त्याचा निकाल संस्थेच्या बाजूनें लागला, तेव्हां आम्हीं तिला तो मोठ्या उत्साहानें वाचून दाखविला. तिनें शांतपणें विचारलें, “नदी कोर्टांत जिंकली, पण पाण्यास उतार पडला का?”

या सर्वांमुळें आमच्या घरांत ‘केमिकल’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊं लागला. भाजीस वास आला कीं केमिकल, दूध नासलें नाहीं कीं केमिकल. अशा घरांत आमच्या पुतणीनें रसायनशास्त्रांत एम. एस्‌सी. केलें, आणि २०२३ च्या जूनांत अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेंत तिला जागा मिळाली. रंगांस लागणारे मधले पदार्थ तेथें तयार होतात.

त्या रात्रीं जेवणानंतर सारें घर बसलें. आमचे बंधु, म्हणजे मुलीचे वडील, स्वभावतः अबोल. ते वर्तमानपत्राची घडी घालीत आणि उलगडीत राहिले. वहिनींच्या डोळ्यांपुढें डोंबिवली होती. तेथील वसाहतींत २०१६ च्या मे महिन्यांत झालेला स्फोट आणि दूरवरच्या घरांच्या फुटलेल्या काचा कोण विसरेल? आत्यानें मात्र एकच वाक्य उच्चारलें. “ज्यांनीं वालधुनी मारली, त्यांचें मीठ या घरांत नको.” आणि आम्हीं, घरांतले शिकलेले म्हणून, तिच्या बाजूस आपलें वजन टाकलें. पगार पाहून नदी विसरणारी पिढी वगैरे जें सुचलें तें बोललों.

पोरगी रडली नाहीं, रागावलीही नाहीं. उठून देवघरांत गेली आणि निरांजनाजवळची काड्यांची पेटी घेऊन आली.

“आत्याआजी, ही रोज तुमच्या हातांत असते. हिच्यांत केमिकल आहे कीं नाहीं?”

आत्या गप्प राहिली. मग पोरीनें जें सांगितलें, तें आम्हांस नवें होतें. पूर्वीच्या काड्या पांढऱ्या स्फुरदाच्या करीत. त्याची वाफ अंगांत भिनून कारखान्यांतल्या मजुरांचीं जबड्याचीं हाडें कुजत. त्यांत बायका आणि पोरेंही असत. स्वीडनमध्यें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तांबडा स्फुरद वापरून, तोही काडीच्या टोकावर न लावतां पेटीच्या कडेस लावून, काडी करण्याची युक्ति निघाली. मूलद्रव्य तेंच, परंतु त्याचें हें रूप निरुपद्रवी. पुढें १९०६ मध्यें बर्न येथें कांहीं राष्ट्रांनीं पांढऱ्या स्फुरदाच्या काड्या बंद करण्याचा करार केला आणि १९१३ मध्यें आपल्या देशांतही तसा कायदा झाला. “आणि आत्याआजी, तुमच्या अंबरनाथची काड्यापेटी ज्या कंपनीची, ती त्याच स्वीडनवाल्यांची होती. मजुराच्या जबड्यास रोग होऊं द्यावयाचा आणि मग औषध शोधावयाचें, असें त्यांनीं केलें नाहीं. रोग करणारा पदार्थच आरंभीं वगळला. मला शिकवलेलें हिरवें रसायन तें हेंच.”

हिरवें रसायन, हा शब्द आम्हीं त्या रात्रीं प्रथम नीट ऐकला. आमची समजूत अशी कीं, कांहीं तरी झाडपाला उकळून करावयाचें तें हिरवें. तसें नाहीं. पॉल अनास्तास व जॉन वॉर्नर या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९९८ मध्यें त्याचीं बारा तत्त्वें मांडलीं. त्यांतलें पहिलें असें : घाण झाल्यावर ती साफ करण्यापेक्षां होऊंच न देणें बरें. तीं बारा तत्त्वें म्हणजे कारखान्याच्या मागच्या गटारापाशीं बसून करावयाचा उपाय नव्हे. पदार्थ कसा करावा हें कागदावर ठरवितांना पाळावयाचा तो संयम आहे.

त्याच्याही आधीं, १९९२ मध्यें, रॉजर शेल्डन नांवाच्या रसायनज्ञानें एक साधा हिशेब मांडला होता. एक किलो उपयोगाचा माल तयार होतांना मागें किती किलो टाकाऊ उरतें? खनिज तेलाच्या शुद्धीकरणांत हें प्रमाण एक दशांश किलोहूनही कमी. मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या साध्या रसायनांत एकापासून पांच किलोंपर्यंत. रंग, सुगंध यांसारख्या नाजूक रसायनांत पांचापासून पन्नासपर्यंत. आणि औषधांत पंचवीसपासून शंभरपर्यंत, कधीं त्याहूनही अधिक!

आत्या एवढा वेळ मान खालीं घालून ऐकत होती. ती एकदम म्हणाली, “म्हणजे किलोभर जेवण आणि शंभर किलो खरकटें?”

“तेंच, आत्याआजी! मी सहा वर्षें शिकलें, तें तुम्हीं एका वाक्यांत सांगितलें.”

आम्हांस मात्र थोडें अवघडल्यासारखें झालें, कारण गुडघेदुखीसाठीं आयबुप्रोफेनच्या गोळ्या आम्ही नेमानें घेतों. पोरीनें तीच चिठ्ठी पुढें केली. जुन्या कृतींत ही गोळी सहा पायऱ्यांनीं होई आणि वापरलेल्या अणूंपैकीं निम्म्याहून अधिक कचऱ्यांत जात. १९९० नंतर तीन पायऱ्यांची नवी कृति आली. तींत शेंकडा सत्त्याहत्तर भाग गोळींत उतरतो, आणि उरलेल्यांतील मुख्य पदार्थ म्हणजे ॲसेटिक आम्ल पुन्हां कामीं लावतां येतें. गोळी तीच, गुडघा तोच. मग मागें काय राहिलें हें आम्हीं कधीं विचारलें होतें का?

तिच्या होऊं घातलेल्या कामाचा एक नमुनाही तिनें कागदावर करून दाखविला. नायट्रोबेंझीनपासून ॲनिलिन करण्याची जुनी रीत म्हणजे लोखंडाचा कीस आणि थोडें आम्ल घालून तें तापवावयाचें. समीकरणाप्रमाणें एक किलो ॲनिलिनमागें पावणेदोन किलोंहून अधिक लोहकीट उरतें. तेंही कोरडें धरून, प्रत्यक्षांतला ओला चिखल निराळाच. तेंच काम उत्प्रेरकाच्या साह्यानें हायड्रोजन वायूनें केलें, तर मागें उरतें तें चारशें ग्रॅमांहून कमी, आणि तेंही पाणी! ॲनिलिनच्या मोठ्या कारखान्यांनीं लोखंडाचा मार्ग बहुतेक सोडला आहे. परंतु रंगांच्या कित्येक मधल्या पदार्थांसाठीं लहान कारखान्यांतून तो अजून चालतो. त्यांतही गंमत अशी कीं, जर्मनींत गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत त्याच लोहकीटापासून तांबडी-काळी रंगभुकटी करून विकूं लागले. खरकट्याचें दुसरें जेवण झालें म्हणावयाचें.

“तर मग,” ती म्हणाली, “जेथें जेवण होतें तेथेंच खरकटें काढणारें कोणी तरी हवें ना? आपण सगळे चांगले लोक कारखान्याबाहेर उभे राहून नाक धरणार असूं, तर आंत कोण जाणार?”

या प्रश्नास उत्तर नव्हतें. तरी आम्हांस हार मानवेना. आम्हीं म्हटलें, “नदी मारली ती कारखान्यांनीं. त्यांच्या पापांत घरंदाज मुलीनें वांटेकरी कां व्हावें?” यावर ती हंसली आणि म्हणाली, “काका, मला एक आठवडा द्या. त्या आठवड्यांत आपल्या घराचा हिशेब मांडूं. मग पाप कोणाचें तें ठरवा.”

तो आठवडा आम्ही विसरणार नाहीं. घरांत आम्ही नऊ माणसें. तिनें मोरीशीं ताणकांटा टांगला आणि एक वही केली. ओला कचरा सोळा किलो भरला. निर्माल्य पावणेतीन किलो. तें दर शनिवारीं प्लास्टिकच्या पिशवींत घालून, गांठ मारून, पुलावरून उल्हासमध्यें सोडण्याचें काम अनेक वर्षें आम्हीच श्रद्धेनें करीत होतों. कपड्यांची व भांड्यांची पूड आणि वड्या मिळून दोन किलो. शहरांत माणशी १३५ लिटर पाणी लागतें असें धरतात. त्या मानानें आमच्या घरास दिवसाकाठीं बाराशें लिटर येतें, आणि त्यांतले पांचांतले चार हिस्से सांडपाणी होऊन जातें. कोठें जातें? आम्ही बोलत नव्हतों म्हणून तिनेंच सांगितलें. न्यायाधिकरणानें २०१५ मध्यें दोष दिला तो केवळ कारखान्यांना नव्हता. घरांघरांतलें मैलापाणी न धुतां सोडणाऱ्या काठच्या नगरसंस्थाही त्यांत होत्या. निकाल आम्हींच वाचून दाखविला होता. पण तेवढा भाग आमच्या डोळ्यांपुढून कसा निसटला, कोण जाणे.

शहाड-मोहन्याकडे उन्हाळ्यांत उल्हास नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. दिसावयास सुंदर, पण त्याखालीं पाण्यांतला प्राणवायु संपतो आणि मासे गुदमरतात. ती जलपर्णी कोणत्या विषावर वाढत नाहीं. ती वाढते नत्र आणि स्फुरद यांवर, म्हणजे आमच्या शौचकूपांवर आणि साबणाच्या फेंसावर. आम्ही ज्या नदीचें पाणी पितों, तिला हें जेवण आम्हीच वाढीत होतों. सोंवळें नेसून देवपूजा करणाऱ्या घराचें उष्टें नदीच्या पदरांत पडत होतें. सोंवळ्याची आमची व्याख्या मोरीच्या तोंडाशीं संपत होती, एवढाच त्याचा अर्थ.

आमचे चिरंजीव त्या आठवड्यांत खो खो हंसत होते. त्यांचाही नंबर लागला. ठिकठिकाणीं फिकट पडलेली निळी जीन त्यांस फार प्रिय. उल्हासनगर ही या जीनची मोठी पेठ. फाळणीनंतर निर्वासित होऊन जुन्या लष्करी छावणींत आलेल्या सिंधी बांधवांनीं हें शहर शून्यांतून उभें केलें, आणि शिलाईचा हा धंदाही त्यांच्याच कष्टांचा. परंतु कापड नवें असतांना तें जुनें दिसावें म्हणून तें दगडांबरोबर घोळवितात, क्लोरिनच्या पाण्यानें विटवितात, आणि तो निळा धुवणीचा लोट नाल्यांत जातो. न्यायालयाच्या धाकानें मागील दशकांत पुष्कळ धुलाईकेंद्रें बंद झालीं. कित्येक हातांचें काम गेलें, आणि कांहीं केंद्रें शेजारच्या खेड्यांत जाऊन तेंच करूं लागलीं. खरकटें एका अंगणांतून दुसऱ्या अंगणांत लोटलें, एवढेंच. दगडांऐवजीं सेल्युलेज नांवाचें पाचक द्रव्य व क्लोरिनऐवजीं ओझोन वापरून तोच फिकटपणा थोड्या पाण्यांत आणतां येतो. पण त्याची किंमत मोजणारा गिऱ्हाईक हवा. आमचे वडील एकच सदरा आठ वर्षें वापरीत. त्यांस हा फिकटपणा फुकट मिळत असे!

आठवडा संपला. रविवारीं दुपारीं वही आत्याच्या मांडीवर ठेवली. तिला अक्षर दिसत नाहीं. पोरीनें वाचून दाखविलें. निर्माल्याच्या ओळीपाशीं आत्यानें हात वर करून थांबविलें. बराच वेळ ती बोलली नाहीं. मग म्हणाली, “जा तूं कामावर. पण माझी एक अट आहे. रोज संध्याकाळीं येऊन मला सांगावयाचें, आज मागें काय उरलें. आणि खोटें सांगावयाचें नाहीं.”

अशा रीतीनें ती जाऊं लागली, आणि आमच्या घरांतही कांहीं गोष्टी बदलूं लागल्या. निर्माल्य आणि भाजीचीं देठें परसांतल्या खड्ड्यांत जातात. त्यांच्या खतावर आत्याची तुळस आणि जास्वंद पोसली आहेत. कपड्यांच्या पुडीचें माप निम्मे केलें. कपडे तितकेच स्वच्छ निघतात, म्हणजे इतकीं वर्षें निम्मी पूड आम्ही केवळ फेंस पाहण्याच्या हौसेनें ओतीत होतों. पितळेचीं भांडीं चिंचेनें आणि रांगोळीनें घासण्याची जुनी रीत वहिनींनीं परत आणली. चिंचेंतील आम्लामुळें तांब्या-पितळेवरचा कळकट थर निघतो, हें रसायनच आहे. केवळ त्याचें खरकटें मातीस मानवतें.

बारांपैकीं सहावें तत्त्व ऊर्जेविषयीं आहे : उष्णता आणि दाब जेवढा कमी लागेल तेवढें बरें. कारखान्यांत द्रावक उकळून काढावयास वाफ लागते, वाफेस बॉयलर आणि बॉयलरास जळण. म्हणून उगीच वापरलेलें द्रावक म्हणजे दुप्पट नासाडी. पोरीनें हें सांगतांच आमचे अबोल बंधु प्रथमच बोलले. “मग आपला बंब काय निराळें करतो?” आमच्या तांब्याच्या बंबावर साऱ्या घराचें प्रेम. लांकडाचीं ढलपीं आणि गोंवऱ्या घालून त्याचें पाणी पहांटेपासून रटरटत असे, आणि निम्मी उष्णता धूर होऊन कौलांवाटे जाई. तेथें आतां छपरावर सूर्यतापक आला. बंब विकावयाचा नाहीं, असा आत्याचा हुकूम. तो आतां ओसरीवर झाडाची कुंडी होऊन बसला आहे.

केंद्र सरकारनें २०२४ च्या फेब्रुवारींत छपरावरील सौर विजेची योजना काढली. तींत तीन किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपयांचें साह्य मिळतें; त्या वर्षींच्या दिवाळींत आम्हींही संच बसविला. चांगल्या उन्हाच्या दिवशीं दहा-बारा युनिटें होतात. आषाढांत मात्र, माथेरानच्या डोंगरावरून ढग उतरले कीं, संच नुसता भिजत पडतो, आणि वीज पूर्वीप्रमाणें तारेवरूनच घ्यावी लागते. बसविणाऱ्या गृहस्थांस आत्यानें विचारलें, “हें किती वर्षें चालेल?” “पंचवीस.” “आणि मग? याचें खरकटें कोण काढणार?” गृहस्थ पोरीकडे पाहूं लागले, पोरगी आमच्याकडे. ती कांच आणि ते धातु सोडवून पुन्हां वापरण्याचे उद्योग सुरू होत आहेत, एवढें ती म्हणाली. आत्यानें मान हलविली. पण तिचें समाधान झालें नाहीं, आणि तें होऊं नये हेंच बरें.

या बाबतींत आमच्या नदीचीच एक गोष्ट वाचकांस सांगितली पाहिजे. कर्जतजवळ भिवपुरी येथें टाटांचें जलविद्युत्‌केंद्र १९२२ मध्यें सुरू झालें. घाटमाथ्यावर अडविलेलें आंध्रा नदीचें पाणी नळांतून खालीं कोसळतें, यंत्रें फिरवितें, वीज देतें आणि मग उल्हासमध्यें सोडलें जातें. त्या पाण्यामुळेंच उल्हास चैत्र-वैशाखांतही वाहते, आणि खालच्या शहरांस प्यावयाचें पाणी मिळतें. एका कामांत जें उरलें, तें दुसऱ्या कामाचें जीवन झालें. सह्याद्रीपलीकडचें पाणी वळविल्याचा हिशेब निराळा आणि वादाचा आहे, हें आम्ही जाणतों. तरी उरलेलें विष होऊन न येतां पाणी होऊन येऊं शकतें, याचा शंभर वर्षांचा दाखला आमच्या दाराशीं वाहत आहे, आणि तोही आम्हांस ठाऊक नव्हता.

हें सारें वाचून कोणास वाटेल कीं, पोरीनें कारखाना सुधारून टाकला. तसें झालें नाहीं. पहिल्या वर्षाच्या शेवटीं तिनें एका पदार्थासाठीं लोखंड सोडून हायड्रोजन वापरण्याची योजना मांडली. वरिष्ठांनीं ती बारकाईनें वाचली आणि बाजूस ठेवली. हायड्रोजनला दाबाचीं पात्रें लागतात, स्फोटाचें भय असतें, आणि लहान कारखान्यास तो खर्च पेलत नाहीं. तेव्हां ती फार खिन्न होऊन घरीं आली. तो महिना २०२४ चा मे. त्याच महिन्याच्या २३ तारखेस डोंबिवलीच्या वसाहतींत पुन्हां भयंकर स्फोट झाला आणि कित्येक कामगार दगावले. त्या दिवशीं तिला घरीं यावयास रात्रीचे दहा वाजले. गाड्यांची गर्दी, एवढेंच कारण; पण फोन लागत नव्हता, आणि वहिनी चार तास फाटकाशीं उभ्या होत्या. ती आली तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, “तुझी ती हायड्रोजनची योजना नाकारली, हें देवाचेच उपकार.” पोरीनें आईचा हात धरला आणि म्हणाली, “आई, बारावें तत्त्व अपघात टाळण्याचें आहे. तें मी नीट वाचलें नव्हतें.” नदीस मानवणारी कृति कामगारास मानवेलच असें नाहीं, आणि दोघांस मानवणारी शोधून काढणें हेंच खरें काम, हें तिला त्या रात्रीं उमगलें असावें. आम्हांसही.

पुढच्या वर्षीं तिची दुसरी एक लहान योजना मान्य झाली. धुण्यासाठीं वापरलेलें द्रावक फेंकून न देतां शुद्ध करून पुन्हां वापरावयाचें. त्यामुळें टाकीवाल्याच्या फेऱ्या कमी झाल्या आणि मालकाचे पैसेही वांचले. लोखंडाचा चिखल मात्र अजून निघतो, आणि ती तो लपवीत नाहीं.

आत्याची अट चालू आहे. संध्याकाळीं साडेसातच्या सुमारास फाटक वाजतें, पोरगी हातपाय धुते आणि आत्यापाशीं जाऊन बसते. “आज काय उरलें ग?” कधीं उत्तर येतें, “अडीच पिंपें, आत्याआजी.” कधीं, “दोन.” एकदां तर, “आज मोजलें नाहीं, दमलें होतें.” त्यावर आत्या म्हणाली, “मग उद्यां दोन दिवसांचें सांग.” कमी झालें म्हणून ती शाबासकी देत नाहीं, वाढलें म्हणून रागावत नाहीं, विचारण्याचें मात्र चुकवीत नाहीं.

गेल्या महाशिवरात्रीस आम्ही तिला घेऊन अंबरनाथास गेलों. दर्शन झाल्यावर ती वालधुनीच्या काठाशीं काठी टेकून उभी राहिली. पाण्यांत पाय घालण्यासारखें तें अजून झालेलें नाहीं. तिनें विचारलें, “आज रंग कोणता आहे रे?” तिला दिसत नाहीं, म्हणून आम्हीं वांकून नीट पाहिलें. गाडीच्या खिडकींतून तेहतीस वर्षें पाहिलेलें तें पाणी आम्हीं त्या दिवशीं प्रथमच जवळून पाहिलें. “करडा,” आम्हीं सांगितलें. “वहींत लिहून ठेव,” ती म्हणाली, आणि घराकडे वळली.